अपडेटनंतर म्युझिक प्लेअर गंडलाय? अनइन्स्टॉलला हात लावायच्या आधी हे करा

प्लेअर अपडेट झाला आणि उघडून बघतो तर गाणीच दिसेनात, किंवा आवाजच येईना, किंवा मराठी नावांच्या जागी नुसते चौकोन. अशा वेळी बहुतेक जण पहिलं काम काय करतात तर अनइन्स्टॉल करून परत टाकतात, आणि खरे वांधे तिथूनच सुरू होतात. अनइन्स्टॉल करताना "सेटिंग्जपण काढायच्या का" असा एक बारीकसा पर्याय येतो, आपण नेक्स्ट नेक्स्ट करत सुटलेलो असतो, आणि वर्षानुवर्षं जमवलेल्या प्लेलिस्ट, रेटिंग, कुठलं गाणं किती वेळा ऐकलं त्याचा हिशेब, सगळं एका क्लिकात साफ. नाहीतर उलटं होतं, सेटिंग्ज तशाच मागे राहतात आणि नव्याने टाकलेला प्लेअर त्याच बिघडलेल्या सेटिंग्ज उचलून परत तेच रडगाणं गातो.

म्हणून आधी एवढं डोक्यात फिट करा की प्लेअर म्हणजे एकच वस्तू नाही. एक, प्रोग्राम, जो अपडेटने बदलतो. दोन, त्याचा प्रोफाइल, म्हणजे सेटिंग्ज, लायब्ररीची यादी, प्लेलिस्ट, प्लगइन (प्लेअरला वरून जोडलेले छोटे जादा प्रोग्राम), हे वेगळ्याच फोल्डरमध्ये असतं. तीन, आवाजाचा रस्ता, म्हणजे विंडोज, साउंड ड्रायव्हर (विंडोज आणि साउंड कार्ड यांची गाठ घालून देणारा प्रोग्राम), स्पीकर. आणि तुमची गाणी या तिन्हीच्या बाहेर, आपापल्या फोल्डरमध्ये गपचूप पडलेली असतात. प्लेअरमध्ये गाणं दिसत नाही म्हणजे गाणं गेलं असं नसतं, त्याचा पत्ता हरवलेला असतो. बहुतेक वेळा नवा प्रोग्रामही धड असतो आणि जुना प्रोफाइलही धड असतो, दोघांचं एकमेकांशी पटत नसतं एवढंच. आपलं काम म्हणजे या तिघांत कोण अडतंय ते शोधणं, तेही काही न पुसता.

मोबाइलवर सगळं मिळतं, कशाला ही डेस्कटॉपची भानगड, असं विचारणारे भेटतातच. पण आमच्या इकडे नाशकात, जुन्या नाशकापासून नाशिकरोडपर्यंत, अजून कितीतरी घरांत जुना पीसी, त्याला जोडलेला ॲम्प्लिफायर आणि कॅसेटवरून उतरवलेली रेकॉर्डिंग असा सेटअप आहे, आणि घरच्या मैफलीचं, आजीच्या ओव्यांचं रेकॉर्डिंग कुठल्या ॲपवर मिळणार? खाली मुख्यतः विंडोजचं सांगतोय, लिनक्सवाल्यांसाठी शेवटाकडे थोडं आहे.

पहिलं काम: प्रोफाइलची कॉपी

प्लेअर पूर्ण बंद करा. पूर्ण म्हणजे फुली मारून नाही, कारण बरेच प्लेअर खाली घड्याळापाशी जाऊन लपतात. टास्क मॅनेजर उघडा (कंट्रोल, शिफ्ट, एस्केप एकदम), त्यात प्लेअरचं नाव दिसतंय का बघा, असेल तर एंड टास्क. चालू प्लेअरच्या डेटाबेसची कॉपी केली तर ती अर्धवट निघू शकते, आणि ऐन वेळी उपयोगाला येत नाही.

मग विंडोज की आणि आर दाबा, जो छोटा बॉक्स येतो त्यात %ॲपडेटा% टाका, अर्थात इंग्रजी अक्षरांत, दोन्हीकडची पर्सेंटची चिन्हं धरून. एंटर मारल्यावर रोमिंग नावाचा फोल्डर उघडतो, त्यात प्लेअरच्या नावाचा फोल्डर सापडेल. फूबार२००० या प्लेअरची दुसरी आवृत्ती असेल तर फोल्डरच्या नावापुढे व्ही२ लागलेलं असतं, पहिल्या आवृत्तीचा फोल्डर वेगळा, आणि बऱ्याचदा तो जुना फोल्डर तसाच शेजारी पडून असतो, तो चुकूनही पुसू नका. म्युझिकबीचं जरा दोन ठिकाणी पसरलेलं आहे, सेटिंग्ज रोमिंगमध्ये आणि लायब्ररीची फाइल सहसा तुमच्या म्युझिक फोल्डरच्या आत म्युझिकबी नावाच्या फोल्डरमध्ये, तर दोन्ही उचला. विनॅम्प आणि व्हीएलसीचेही फोल्डर इथे रोमिंगमध्येच. तुम्ही पोर्टेबल, म्हणजे इन्स्टॉल न करता चालणारा प्रकार टाकला असेल तर शोधाशोध नको, सगळं प्लेअरच्याच फोल्डरमध्ये असतं, तो अख्खा कॉपी करायचा.

कॉपी दुसऱ्या ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर ठेवा, नावात तारीख घाला. आणि हो, प्लेअरमध्ये "न सापडणारी गाणी यादीतून काढा" अशा अर्थाचं बटण किंवा ऑटोमॅटिक सेटिंग असतं, त्याला सगळं निस्तरेपर्यंत हात लावायचा नाही. गाणी सापडत नाहीयेत म्हणूनच तर आपण बसलोय, त्यात यादीच साफ केली तर रेटिंग आणि प्ले काउंटही त्याच्याबरोबर जातात.

नक्की काय अपडेट झालं?

हे कोणी बघतच नाही. "प्लेअर अपडेट झाला आणि बिघडला" असं म्हणतो आपण, पण त्याच रात्री विंडोजनेही अपडेट घेतलेलं असतं, त्यातून साउंड ड्रायव्हर बदललेला असतो, आणि शिव्या खातो बिचारा प्लेअर.

स्टार्टमध्ये इंग्रजीत रिलायबिलिटी एवढं टाइप करा, "व्ह्यू रिलायबिलिटी हिस्टरी" असं येईल. विंडोजमधली ही फार कामाची आणि फार दुर्लक्षित जागा आहे. दिवसवार तक्ता दिसतो, कुठल्या दिवशी काय इन्स्टॉल झालं, कुठलं अपडेट आलं, कुठला प्रोग्राम कोसळला, सगळं तारीख-वेळेसकट. लाल फुलीवर डबल क्लिक केलं की आत "फॉल्ट मॉड्यूल नेम" अशी एक ओळ असते. तिथे प्लेअरच्या मुख्य फाइलचं नाव असेल तर एक गोष्ट, एखाद्या प्लगइनचं नाव असेल तर गुन्हेगार जवळजवळ सापडलाच, आणि साउंड ड्रायव्हरच्या फाइलचं नाव असेल तर प्लेअरला सोडा आणि ड्रायव्हरच्या मागे लागा. हे सगळं एका कागदावर लिहून ठेवा, पुढे लागतं.

उघडतच नाही, किंवा उघडून लगेच बंद

आधी पीसी रीस्टार्ट. शटडाउन करून चालू करणं नाही, रीस्टार्टच, कारण विंडोजमध्ये फास्ट स्टार्टअप चालू असेल तर शटडाउनमध्ये आतला बराचसा भाग झोपवून ठेवतात आणि तोच उठवतात, रीस्टार्टमध्ये मात्र सगळं नव्याने सुरू होतं.

तरी नाही? मग एक गंमत तपासा. खाली टास्कबारवर प्लेअरचा आयकॉन दिसतोय पण खिडकी दिसत नाही, असं आहे का? पूर्वी दोन मॉनिटर जोडलेले असतील तर प्लेअर त्या नसलेल्या मॉनिटरवर उघडून बसलेला असतो. आयकॉनवर एकदा क्लिक करा, ऑल्ट आणि स्पेस दाबा, मग एम दाबा, एखादी ॲरो की दाबा आणि माउस हलवा, खिडकी माउसला चिकटून आत येते.

नाशकात पहिला मोठा पाऊस आला की लाइट जाणं हे ठरलेलंच, आणि अपडेट चालू असताना लाइट गेली आणि यूपीएस नसेल तर काही फाइली नव्या, काही जुन्या अशी खिचडी होऊन बसते. यावर इलाज सोपा आहे, तीच आवृत्ती प्लेअरच्या मूळ साइटवरून उतरवायची आणि आहे त्याच्यावरच परत इन्स्टॉल मारायची, अनइन्स्टॉल न करता. प्रोग्रामच्या फाइली नव्याने बसतात आणि प्रोफाइलला धक्का लागत नाही. याच वेळी अँटिव्हायरसचं क्वारंटाइनपण उघडून बघा. नवी फाइल ओळखीची नाही म्हणून त्याने एखादी उचलून कोंडून ठेवलेली असू शकते.

आता प्लगइन. इथेच सगळ्यात जास्त घोळ असतो. फूबार२०००ची दुसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली, तिच्यात ६४ बिट प्रकार मिळायला लागला, आणि ३२ बिटसाठी बनवलेले जुने कॉम्पोनंट (फूबारमध्ये प्लगइनला हेच म्हणतात) ६४ बिटमध्ये चालतच नाहीत. यात बिघाड असा काही नाही, तसंच आहे ते. आता तुमचा अख्खा लूक किंवा ज्यावर तुमचा जीव आहे तो स्पेक्ट्रमवाला जुना कॉम्पोनंट ३२ बिटमध्येच उरला असेल आणि त्याची नवी आवृत्ती कोणी काढलेली नसेल, तर सरळ ३२ बिटचा प्रकार टाका, गाणी ऐकायला ६४ बिट नसल्याने काही अडत नाही. बाकी प्लेअरमध्ये प्लगइनचा फोल्डर शोधायचा, आतलं सगळं उचलून दुसरीकडे ठेवायचं, प्लेअर उघडतो का बघायचं. उघडला तर निम्मी प्लगइन परत टाका, परत उघडा, मग उरलेल्यातली निम्मी, असं करत गेलं की पटापट सापडतं. एकेक टाकत बसलात तर संध्याकाळ होईल.

आणि आता ती टेस्ट, जिच्यासाठी मी एवढं रामायण सांगितलं. प्लेअर बंद, रोमिंगमधल्या त्याच्या फोल्डरचं नाव बदला, पुढे नुसतं "जुना" असं काहीतरी जोडा, डिलीट नाही करायचं, नाव बदलायचं. आता प्लेअर उघडा. त्याला त्याचा प्रोफाइल सापडणार नाही, म्हणून तो कोरा करकरीत, पहिल्या दिवसासारखा उघडेल. अशा कोऱ्या अवस्थेत तो नीट चालला, एखादं गाणं ओढून टाकल्यावर वाजलं, तर प्रोग्राम आणि आवाजाचा रस्ता दोन्ही ठीक, दोष जुन्या प्रोफाइलमध्ये. कोराही चालत नसेल तर प्रोफाइल निर्दोष, त्याचं नाव परत पहिल्यासारखं करा आणि प्रोग्राम किंवा ड्रायव्हरकडे वळा. दोन मिनिटांच्या या टेस्टने अर्धा शोध संपतो. फक्त म्युझिकबीसारखी ज्याची लायब्ररी वेगळ्या जागी आहे तिथे तोही फोल्डर बाजूला करायला विसरू नका, आणि पोर्टेबलवाल्यांनी नाव बदलत बसण्यापेक्षा दुसऱ्या फोल्डरमध्ये नवी कोरी पोर्टेबल कॉपी टाकून बघावी.

दोष प्रोफाइलमध्ये निघाला तर सगळा प्रोफाइल फेकायची गरज नाही. कोरा प्रोफाइल ठेवा आणि जुन्यातून एकेक गोष्ट परत आणा, आधी प्लेलिस्ट, मग लायब्ररी, मग सेटिंग्ज, स्किन आणि प्लगइन सगळ्यात शेवटी. प्रत्येक पायरीला प्लेअर बंद करून उघडून बघा. व्हीएलसीमध्ये तर इतकंही लागत नाही, टूल्समध्ये प्रेफरन्सेस, तिथे खाली रीसेट प्रेफरन्सेस आहे, ते दाबून प्लेअर बंद करून उघडायचा.

उघडतो, पण आवाज नाही

पहिला प्रश्न, ब्राउझरमध्ये एखादा व्हिडिओ लावल्यावर आवाज येतो का? नसेल येत तर प्लेअरचा काही संबंध नाही. ड्रायव्हर अपडेट झाल्यावर विंडोज कधीकधी स्वतःच ठरवतं की आता आवाज एचडीएमआयमधून मॉनिटरला द्यायचा, आणि मॉनिटरला स्पीकरच नसतात. खाली स्पीकरच्या चिन्हावर जाऊन योग्य डिव्हाइस निवडा, संपलं.

ब्राउझरमध्ये येतो पण प्लेअरमध्ये नाही, तर सेटिंग्जमध्ये सिस्टिम, साउंड, व्हॉल्यूम मिक्सर असं जा. तिथे प्रत्येक प्रोग्रामचा आवाज आणि आउटपुट वेगवेगळं ठरवता येतं, प्लेअर तिथे शून्यावर किंवा भलत्याच डिव्हाइसवर असू शकतो. मग प्लेअरच्या स्वतःच्या आउटपुट सेटिंगमध्ये जा. तिथे स्पीकरचं नाव बरोबर दिसत असलं तरी फसू नका, ड्रायव्हर बदलला की तेच नाव राहतं पण आतली ओळख बदलू शकते आणि प्लेअर जुन्याच ओळखीला धरून बसतो. यादीतून दुसरं काहीतरी निवडा, ओके करा, आणि परत आपलं निवडा. किंवा "डिफॉल्ट डिव्हाइस" ठेवा, म्हणजे विंडोज जिकडे जाईल तिकडे हा जाईल.

काही गाणी वाजतात आणि काही नाही, असं असेल तर ते लक्षण फार बोलकं आहे. वसापी एक्सक्लुझिव्ह नावाचा मोड असतो, त्यात प्लेअर साउंड कार्ड एकट्याच्या ताब्यात घेतो, मधे विंडोजचा मिक्सर नाही, म्हणून ऑडिओवाल्या मंडळींना तो आवडतो. पण त्यात गाणं ज्या सॅम्पल रेटचं (सेकंदाला आवाजाचे किती नमुने) आहे तो रेट कार्डला झेपला पाहिजे. सीडीवरून घेतलेलं ४४,१०० हर्ट्झचं वाजेल आणि कोणीतरी दिलेलं ९६,००० चं एरर देईल. अपडेटने आउटपुट मोड बदललेला असेल तर नेमकं असंच होतं, आणि प्लेअर चालू असताना ब्राउझरचा आवाज गायब होतो हेही त्याचंच लक्षण. साधा, शेअर्ड मोड ठेवा. खरं सांगायचं तर ॲम्प्लिफायर आणि स्पीकर साधे असतील तर त्या एक्सक्लुझिव्हचा फरक कानाला कळणं अवघड आहे, पण यावर वाद घालायला बसलो तर लेख संपायचा नाही.

एक्सक्लुझिव्हचं मुख्य कुलूप विंडोजमध्ये आहे: कंट्रोल पॅनेल, साउंड, आपल्या स्पीकरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, ॲडव्हान्स्ड. तिथे एक्सक्लुझिव्ह मोडच्या दोन टिका आहेत आणि तिथेच डिफॉल्ट फॉरमॅटही आहे. शेजारीच कुठेतरी एन्हान्समेंट्स, म्हणजे आवाजावर मारलेले जादा इफेक्ट, दिसतील, त्या बंद करा, आवाज डब्यातून आल्यासारखा येत असेल तर बऱ्याचदा त्याच कारणीभूत.

ब्लूटूथ स्पीकर-हेडफोनवाल्यांनी एवढंच बघावं की मागे कुठलं मीटिंगचं ॲप माइक धरून बसलंय का. माइक चालू झाला की साध्या ब्लूटूथ हेडफोनमध्ये स्टीरिओ सुटून हँड्सफ्री मोड लागतो आणि गाणं लँडलाइनवरून ऐकतोय असं वाटतं. मीटिंग बंद, गाणं परत सुरेल.

आवाज येतो पण एक गाणं मोठ्याने आणि पुढचं एकदम बारीक, असं अपडेटनंतर सुरू झालं असेल तर रीप्लेगेन, म्हणजे सगळ्या गाण्यांचा आवाज एका पातळीवर आणणारी सोय, बंद पडलंय. कॅसेटवरून उतरवलेल्या कलेक्शनमध्ये हे लगेच जाणवतं, कारण प्रत्येक कॅसेटची लेव्हल वेगळी. प्लेबॅक सेटिंगमध्ये ते परत चालू करा, गाण्यांच्या टॅगमध्ये (फाइलच्या पोटात लिहिलेली नाव, गायक वगैरे माहिती) आकडे आधीच असतील तर परत स्कॅन करायची गरज नाही. आणि इक्वलायझर, डीएसपी (आवाजावर चालणारे इफेक्ट) वगैरे एकदा सगळं बंद करून बघा, अपडेटमध्ये याचा क्रम बदलला की आवाज फाटतो.

लायब्ररी रिकामी, किंवा सगळी गाणी करड्या रंगात

यावर जरा थांबतो, कारण फोन येतात ते यासाठीच. इंदिरानगरला ओळखीतले एक काका आहेत, बँकेतून रिटायर झालेले, बाहेरच्या हार्ड डिस्कवर नाट्यसंगीत आणि अभंगांचं भलंमोठं कलेक्शन. अपडेट झालं, पीसी रीस्टार्ट झाला, आणि प्लेअरमध्ये प्रत्येक गाण्यापुढे उद्गारचिन्ह. "अरे, सगळं गेलं रे, आता हे रिमूव्ह मिसिंग म्हणतंय, दाबू का?" म्हटलं, "काका, काही दाबू नका, आधी फाइल एक्सप्लोरर उघडा आणि हार्ड डिस्कपुढे कंसात कुठलं अक्षर आहे ते सांगा." अक्षर होतं एफ. प्लेअरमधल्या गाण्याच्या प्रॉपर्टीजमध्ये पत्ता होता ई पासून सुरू होणारा. रीस्टार्टच्या वेळी नातवाचा पेनड्राइव्ह लावलेला राहिला होता, त्याने ई पटकावलं आणि हार्ड डिस्क एफवर सरकली. अपडेटचा दोष काय, तर त्याने रीस्टार्ट करायला लावला, एवढाच.

दुरुस्ती अशी. पेनड्राइव्ह काढा. स्टार्टवर राइट क्लिक करून डिस्क मॅनेजमेंट उघडा, आपली हार्ड डिस्क शोधा, तिच्यावर राइट क्लिक, चेंज ड्राइव्ह लेटर, आणि जुनंच अक्षर परत द्या. या खिडकीत फॉरमॅट आणि डिलीट व्हॉल्यूमपण शेजारी शेजारीच आहेत, तर क्लिक करायच्या आधी दोनदा वाचा. प्लेअर उघडला की उद्गारचिन्हं गायब. नवीन सेटअप करत असाल तर पहिल्यापासूनच एम किंवा त्याच्या पुढचं एखादं अक्षर द्या, तिथपर्यंत पेनड्राइव्हची गर्दी पोचत नाही.

फोल्डरच हलवलेला असेल आणि जुना पत्ता परत आणणं शक्य नसेल, तर प्लेलिस्ट दुरुस्त करता येते. एमथ्रीयू प्रकारची प्लेलिस्ट म्हणजे साधी टेक्स्ट फाइल असते. नोटपॅडमध्ये उघडा, प्रत्येक ओळीत गाण्याचा पत्ता दिसेल, रिप्लेसमध्ये जुना पत्ता आणि नवा पत्ता देऊन रिप्लेस ऑल. फक्त सेव्ह करताना, गाण्यांची नावं मराठीत असतील तर एन्कोडिंग (अक्षरं फाइलमध्ये साठवायची पद्धत) यूटीएफ-८ ठेवा आणि फाइलचं शेवटचं नाव एमथ्रीयूपुढे ८ लावलेलं असू द्या, नाहीतर पुढचा प्रॉब्लेम आपणच तयार केला असं होईल.

आणखी दोन जागा बघायच्या. एक, वनड्राइव्हचा फोल्डर बॅकअप चालू झालाय का, कारण तो चालू झाला की डॉक्युमेंट्स, पिक्चर्स असल्या फोल्डरचा खरा पत्ताच वनड्राइव्हच्या आत जातो आणि प्लेअर जुन्या जागी शोधत बसतो. दोन, विंडोज सिक्युरिटीमध्ये रॅन्समवेअर प्रोटेक्शनच्या आत कंट्रोल्ड फोल्डर ॲक्सेस आहे, ते चालू असेल तर अनोळखी प्रोग्रामला म्युझिक फोल्डरमध्ये काही लिहिता येत नाही. अपडेटनंतर प्लेअर त्याला अनोळखी वाटू शकतो, मग गाणी वाजतात पण टॅग सेव्ह होत नाहीत, लायब्ररी प्रत्येक वेळी नव्याने बनते. प्लेअरला तिथे परवानगीच्या यादीत टाका, अख्खं प्रोटेक्शन बंद करू नका.

मराठी नावांचा चुराडा

हा खास आपला प्रॉब्लेम, इंग्रजी मार्गदर्शकात याबद्दल धड काही मिळत नाही. तीन वेगळे आजार आहेत आणि तिघांची औषधं वेगळी.

नुसते चौकोन दिसतात, म्हणजे मजकूर बरोबर आहे, फॉन्ट नाही. बऱ्याच जुन्या स्किनमध्ये मंगल फॉन्ट ठरवलेला असतो, आणि विंडोज १० पासून मंगल हा आपोआप येत नाही, तो देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स या वैकल्पिक फीचरमध्ये गेलाय. सेटिंग्जमधून ऑप्शनल फीचर्समध्ये जाऊन ते टाका, किंवा प्लेअरच्या फॉन्ट सेटिंगमध्ये निर्मला यूआय निवडा, तो विंडोजबरोबरच येतो.

चौकोन नाही, पण चित्रविचित्र टोपीवाली, टिंबवाली युरोपियन अक्षरं दिसतात, म्हणजे टॅगचं एन्कोडिंग प्लेअर चुकीचं वाचतोय. एमपी३च्या पोटात दोन प्रकारचे टॅग असू शकतात. जुना आयडी३व्ही१, त्यात नावाला जागाच ३० बाइटची, आणि यूटीएफ-८मध्ये देवनागरीचं प्रत्येक अक्षर, मात्रा, हलंत यांना तीन-तीन बाइट लागतात, म्हणजे "पंडित पलुस्कर" एवढंसुद्धा पूर्ण बसत नाही. नवा आयडी३व्ही२, त्यात यूनिकोड नीट बसतं. अपडेटनंतर प्लेअरने आधी कुठला टॅग वाचायचा हे बदललं की काल दिसणारं नाव आज तुटतं. एमपी३टॅग नावाचा फुकट प्रोग्राम घ्या, त्याच्या ऑप्शन्समध्ये टॅग्ज आणि मग एमपेग, तिथे लिहायचा प्रकार आयडी३व्ही२.३ आणि यूटीएफ-१६ ठेवा, व्ही१ काढून टाका. आधी दहा-बारा गाण्यांच्या कॉपीवर करून बघा, एकदम अख्ख्या कलेक्शनवर नाही. व्ही२.४ आणि यूटीएफ-८ही चालतं, पण जुन्या कारस्टीरिओत पेनड्राइव्ह लावणार असाल तर व्ही२.३ बरं पडतं.

तिसरा आजार जुना आहे. श्रीलिपी किंवा शिवाजी फॉन्टच्या काळात टाइप केलेले टॅग. ते मुळात इंग्रजी अक्षरंच आहेत, फॉन्टमुळे मराठी दिसायची. अपडेटने फॉन्ट सेटिंग उडालं की खरं रूप बाहेर येतं. याला प्लेअरमध्ये इलाज नाही, कन्व्हर्टरमधून मजकूर यूनिकोडमध्ये आणून टॅग नव्याने भरायचे, कंटाळवाणं काम आहे पण एकदाच करायचं.

याच्या जोडीला एक सूक्ष्म प्रकार. नाव बरोबर दिसतं पण सर्चमध्ये सापडत नाही, किंवा एकाच गायकाचे दोन गट होतात. "वाऱ्या"मधला तो अर्धा र दोन वेगळ्या पद्धतीने टाइप होतो, एकात नुक्त्याचा ऱ असतो, दुसऱ्यात साधा र आणि त्याच्यापुढे न दिसणारा जोडणारा कॅरेक्टर. डोळ्याला सारखंच, कॉम्प्युटरला वेगळं. एकसंध ॲ आणि अ वर चंद्र देऊन केलेला अॅ, यांचंही तेच. नव्या आवृत्तीने सर्चची पद्धत बदलली की हे अचानक जाणवायला लागतं. आणि द. वि. पलुस्करांचं उदाहरण घ्या, जन्म नाशिकचा, त्यामुळे आमच्याकडच्या कलेक्शनमध्ये ते असतातच, पण कुठे द. वि., कुठे डी. व्ही., कुठे दत्तात्रेय विष्णू, कुठे नुसतं पलुस्कर, म्हणजे वडील विष्णु दिगंबरही त्यातच मिसळले. एमपी३टॅगमध्ये गायकाच्या कॉलमने सॉर्ट करा, सगळे सिलेक्ट करा, एकच नाव टाइप करून सेव्ह. अर्ध्या तासाचं काम.

मागे जायचं असेल तर

सगळं करून झालं आणि नवी आवृत्तीच खरोखर बिघडलेली आहे असं दिसलं, तर जुनी टाकायला लाज वाटायचं कारण नाही. मूळ साइटवर जुन्या आवृत्त्यांची जागा सहसा असते. सर्चमध्ये वर येणाऱ्या "फ्री डाउनलोड" छाप साइटवरून घेऊ नका, प्लेअरबरोबर काय काय घरात येईल सांगता येत नाही. अडचण एवढीच की नव्या आवृत्तीने डेटाबेस नव्या पद्धतीचा करून टाकलेला असेल तर जुनीला तो वाचता येत नाही. तेव्हा अपडेटच्या आधीचा प्रोफाइल लागतो. तो तुमच्या जुन्या बॅकअपमध्ये, विंडोजची फाइल हिस्टरी चालू असेल तर तिच्यात, किंवा फूबारसारखा शेजारी पडून राहिलेल्या जुन्या फोल्डरमध्ये मिळतो. यांपैकी काहीच नसेल तर नव्या आवृत्तीतून सगळ्या प्लेलिस्ट एमथ्रीयू ८मध्ये एक्स्पोर्ट करून घ्या आणि मगच मागे जा, निदान याद्या तरी वाचतात.

जुनी टाकल्यावर ऑटो अपडेट बंद करायला विसरू नका, नाहीतर परवा परत तेच. विंगेटने (विंडोजमधली कमांडने प्रोग्राम टाकायची सोय) प्रोग्राम अपडेट करत असाल तर त्यात पिन करायची सोय आहे, पिन केलेल्या प्रोग्रामला अपग्रेड ऑल हात लावत नाही.

लिनक्सवाल्यांनो, तुमच्याकडे बऱ्याचदा प्रोग्रामपेक्षा पॅकेजिंग भोवतं. आधी साधं पॅकेज होतं आणि आता स्नॅप किंवा फ्लॅटपॅक आलं असेल तर बाहेरची हार्ड डिस्क त्याला दिसतच नाही, परवानगी द्यावी लागते, स्नॅपमध्ये रिमूव्हेबल मीडिया हे कनेक्शन जोडायचं, फ्लॅटपॅकसाठी फ्लॅटसील नावाचा प्रोग्राम सोपा पडतो. स्नॅपमध्ये रिव्हर्ट कमांडने आधीची आवृत्ती परत येते, ॲप्टवाल्यांनी जुनं पॅकेज टाकून त्याला होल्ड लावायचा. रिदमबॉक्स या प्लेअरची यादी होम फोल्डरमधल्या लपवलेल्या डॉट लोकल, शेअर, रिदमबॉक्स या फोल्डरमध्ये एका एक्सएमएल फाइलमध्ये असते, तिची कॉपी ठेवा. उबुंटूच्या २२.१० आवृत्तीपासून आवाजाचं काम पल्सऑडिओऐवजी पाइपवायरकडे गेलंय, तेव्हा जुन्या लेखातल्या पल्सच्या कमांड डोळे झाकून मारू नका.

बनवणाऱ्यांना कळवायचं असेल, आणि कळवावंच, यातले बरेच प्लेअर एकट्या-दुकट्या माणसाने वेळ काढून चालवलेले असतात, तर "चालत नाही" एवढं लिहून पाठवू नका. प्लेअरची आवृत्ती आणि ती ३२ की ६४ बिट, विंडोजचा बिल्ड नंबर (रन बॉक्समध्ये विनव्हर टाकलं की येतो), आधी कुठली आवृत्ती नीट चालत होती, कोऱ्या प्रोफाइलमध्ये तोच बिघाड दिसतो का, काय काय केल्यावर दिसतो ते क्रमाने, आणि रिलायबिलिटीतून उतरवलेलं फॉल्ट मॉड्यूलचं नाव. मराठी टॅगचा प्रॉब्लेम असेल तर ते एक गाणं, शक्यतो स्वतःचं रेकॉर्ड केलेलं, सोबत जोडा, म्हणजे देवनागरी न वाचता येणाऱ्या माणसालाही बाइट बघून कळतं की कुठे तुटतंय.